तीन वर्षांची लेक आणि चार दिवसांचा वाढदिवस

प्रश्न : सप्रेम नमस्कार. गेल्या महिन्यात आमच्या मुलीला तीन वर्षे पूर्ण होऊन चौथे लागले. आम्ही डोंबिवलीला राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघे आणि ही एकुलती एक लेक. तिची जन्मतिथी यंदा शुक्रवारी आली आणि जन्मतारीख सोमवारी. घरच्या पद्धतीप्रमाणे सासूबाईंनी शुक्रवारी संध्याकाळी तिथीने औक्षण केले, शनिवारी माझ्या आईवडिलांनी आम्हांला बदलापूरला बोलावून घेतले आणि तिथेही केक कापला, आणि रविवारी संध्याकाळी आम्ही घराजवळचा एक हॉल घेऊन नातेवाईक, शेजारी आणि तिच्या बालवाडीतली मुले अशी साठ-सत्तर माणसे बोलावली होती.

शुक्रवार फार छान गेला. देवघरासमोर पाट मांडून भोवती रांगोळी काढली होती. सासूबाईंनी तिला कुंकू लावले, डोक्यावर अक्षता टाकल्या, अंगठी आणि सुपारीने ओवाळले, मग निरांजनाने ओवाळून तोंडात पेढा घातला. एरवी क्षणभर एका जागी न टिकणारी ही मुलगी शेवटपर्यंत मांडी घालून बसली होती. सगळे आटोपल्यावर ती उठली, आजीला हाताला धरून पाटावर बसवले आणि "आता तुझा नंबर" असे म्हणत रिकाम्या ताटलीत सुपारी ठेवून तिने आजीला ओवाळले. शनिवारी माहेरी मामा-मावश्यांत ती रमली, पण दुपारची झोप झाली नाही आणि घरी परतायला रात्रीचे साडेदहा वाजले.

रविवारी कार्यक्रम सातचा ठरला होता. पाहुणे आठनंतरही येतच होते, त्यामुळे केक कापायला पावणेनऊ झाले. माईक घेतलेल्या मुलाने तिचे नाव मोठ्याने पुकारले, सगळ्यांनी एकदम टाळ्या वाजवल्या, कोणी चमचमत्या कागदांची नळी फोडली, कोणी फेसाचा फवारा उडवला, आणि ती किंचाळत आजोबांकडे पळाली व त्यांच्या सदऱ्यात तोंड खुपसून बसली. केक शेवटी माझ्या पतींनीच कापला. पुढे नणंदेच्या मुलाने भेटींपैकी भातुकलीचा डबा उघडला, तर हिने तो ओढून घेतला, त्याला ढकलले आणि जमिनीवर लोळण घेतली. नणंद म्हणाल्या की मुलगी लाडावली आहे, आतापासून वाटून घ्यायला शिकवा. कोणी म्हणाले, इतका केक आणि इतकी चॉकलेटे पोटात गेल्यावर दुसरे काय होणार. एका पाहुण्या बाईंनी तर तिला एखाद्या तज्ज्ञाला दाखवून घ्या, असे मला बाजूला घेऊन सांगितले.

सोमवारी सकाळी मी तिला जवळ घेऊन "आज तू तीन वर्षांची झालीस" असे म्हटले, तेव्हा ती म्हणाली, "नाही. आजीने ओवाळलं तेव्हा तीन झाले, बदलापूरला चार झाले, हॉलमध्ये पाच झाले." घरातले सगळे हसले, मला मात्र तिच्या मनात नेमके काय चालले आहे, असा प्रश्न पडला. तिचे हे सारे वागणे वयाला धरून आहे का? गोड खाल्ल्याने असे होते का? आपली वस्तू दुसऱ्याला देण्याची सवय कशी लावावी? आणि पुढच्या वर्षी दोन्हीकडच्या मंडळींची मने न दुखावता वाढदिवस कसा करावा? — एक आई, डोंबिवली

उत्तर : आपल्या मुलीच्या वागण्यात मला काळजी करण्यासारखे काहीही दिसत नाही. आपल्याला बरे वाटावे म्हणून मी हे लिहीत नाही. आपण पत्रात जे बारकाईने नोंदवले आहे, त्याच्याच आधाराने लिहीत आहे. पाहुण्या बाईंनी तज्ज्ञाचा विषय काढला, म्हणून आधी शुक्रवारच्या औक्षणाकडे वळते.

तीन वर्षांचे मूल तपासायला येते तेव्हा आम्ही त्याचा खेळ पाहतो. मूल मोठ्यांचे अनुकरण करते का, नसलेली वस्तू आहे असे मानून खेळते का, दुसऱ्याकडे पाहून त्याला आपल्या खेळात ओढते का, यातून जे कळते, ते पाहुण्यांसमोर त्याने सांगितल्याबरोबर नमस्कार केला की नाही यातून कळत नाही. आपल्या लेकीने आजीला हाताला धरून पाटावर बसवले, निरांजनाच्या जागी सुपारी ठेवली आणि ज्या क्रमाने आपल्याला ओवाळले गेले तसेच आजीला ओवाळले. पाहिलेले लक्षात ठेवणे, ज्योत नसताना ती आहे असे धरून चालणे, आणि आपल्याला मिळालेला मान दुसऱ्यालाही मिळावा असे वाटणे, हे सगळे त्या लहानशा खेळात आले आहे. तीन वर्षांच्या मुलाकडून मी याहून जास्त कशाची अपेक्षा करणार नाही. एखादे मूल घरच्या शांत वातावरणातही हाकेला ओ देत नसेल, नजरेला नजर देत नसेल, तीन वर्षांचे होऊनही छोटी वाक्ये बोलत नसेल किंवा येत असलेले बोलणे विसरू लागले असेल, तर मात्र त्याला विनाविलंब बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची अशी तपासणी होते, आणि जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत पुढच्या तपासणीची व उपचारांची विनामूल्य सोय केलेली असते. गर्दीच्या हॉलमध्ये घाबरून आजोबांच्या कुशीत शिरणे हे यांपैकी कशाचेही लक्षण नाही. भीती वाटली तेव्हा कोणाकडे जायचे हे तिला पक्के ठाऊक आहे, एवढेच त्यातून दिसते.

आता रविवार. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत, दुपारची झोप धरून, १० ते १३ तासांची झोप लागते. आपली मुलगी शनिवारी दुपारी झोपली नाही, रात्री साडेदहापर्यंत प्रवासात होती, आणि रविवारी एरवी अंथरुणाला पाठ टेकण्याची जी वेळ, त्या वेळी ती सत्तर माणसांसमोर, नव्या कपड्यांत, केकच्या टेबलामागे उभी होती. मनाला आवर घालणे हे मेंदूच्या पुढच्या भागाचे काम. तो भाग पूर्ण पक्व व्हायला विशीची वर्षे उजाडतात आणि झोप अपुरी झाली की सर्वांत आधी त्याचीच शक्ती ओसरते. मोठी माणसेसुद्धा अशा वेळी चिडतात, फक्त ती जमिनीवर लोळत नाहीत. त्यात एकाएकी कानाशी फुटलेली नळी, अनोळखी आवाजात पुकारलेले आपले नाव आणि चारी बाजूंनी वळलेल्या नजरा! तिने पळ काढला तो योग्यच होता.

शिवाय प्रत्येक मुलाचा पिंड वेगळा असतो. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्याने १९५६ पासून न्यूयॉर्कमधील मुलांचा जन्मापासून मोठेपणापर्यंत मागोवा घेतला, तेव्हा सुमारे १५ टक्के मुले नव्या माणसांत आणि नव्या जागी हळूहळू मोकळी होणारी आढळली. अशी मुले आधी कडेला उभी राहून पाहतात, मग एक पाऊल पुढे टाकतात. त्यांना घाई केली की ती आणखी मागे सरतात, आणि पुरेसा वेळ दिला की इतरांइतकीच रमतात. आपली मुलगी तशी आहे की नाही हे एका संध्याकाळीवरून ठरवता येणार नाही. बालवाडीत सुरुवातीच्या दिवसांत ती कशी वागली होती, हे आठवून पाहावे. तशी असल्यास "लाजाळू आहे हो आमची" असे तिच्यादेखत चारचौघांत म्हणणे टाळावे, कारण या वयाची मुले आपल्याबद्दलचे बोलणे आपण समजतो त्यापेक्षा फार लक्ष देऊन ऐकतात.

गोडाबद्दलचा समज फार रूढ आहे, परंतु तो तपासण्यांत टिकलेला नाही. साखर आणि मुलांचे वागणे यांवरील काटेकोर प्रयोगांचा एकत्रित आढावा अमेरिकेत १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. साखरेमुळे मुले बेफाम होतात असे त्यात दिसले नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा हूव्हर आणि मिलिच यांचा प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. पाच ते सात वर्षांच्या मुलांच्या आयांपैकी निम्म्या जणींना सांगण्यात आले की आपल्या मुलाला भरपूर साखर दिली आहे. प्रत्यक्षात कोणत्याही मुलाला साखर दिलेलीच नव्हती. तरीही साखर दिल्याचे सांगितलेल्या आयांना आपली मुले अधिक अस्वस्थ वाटली, आणि त्या मुलांना अधिक टोकत राहिल्या. दातांसाठी आणि जेवणासाठी केक-चॉकलेटांना मर्यादा जरूर घालावी, परंतु रविवारचा दोष केकला देऊ नये. ती थकली होती, आणि ते आपल्या हातात असलेले कारण आहे.

भातुकलीच्या डब्याविषयी नणंदबाईंशी मी सहमत नाही. मिनेसोटा विद्यापीठातील मिल्ड्रेड पार्टेन यांची बालवाडीतील मुलांच्या खेळाची निरीक्षणे १९३२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत असे दिसले की दोन-तीन वर्षांची मुले बहुतेक वेळ एकमेकांच्या शेजारी बसून आपापला खेळ खेळतात. एकच खेळ मिळून खेळणे पुढे, हळूहळू वाढत जाते. त्या डब्याला तर तिने अजून हातही लावला नव्हता. तो आपला आहे, दिला तरी परत मिळणार आहे, याची खात्री पटायच्या आधीच तो दुसऱ्याने उघडला. जे अजून पुरते आपले झालेले नाही, ते मूल उदारपणे कसे देणार? ढकलणे चुकीचे आहे हे तिला त्याच वेळी, थोडक्या शब्दांत सांगावे: "ढकलायचं नाही. माझं आहे असं तोंडाने सांग." एवढे पुरे. त्याहून लांबलचक समजावणे रडणाऱ्या मुलाच्या डोक्यात शिरत नाही. भेटी समारंभात उघडूच नयेत. घरी, पुढच्या काही दिवसांत, एकेक करून तिच्या हाताने उघडाव्यात, आणि ज्याने ती दिली त्याला फोन करून तिच्या तोंडून सांगवावे. पुढच्या वेळी मुले घरी येणार असतील तेव्हा आधी तिलाच विचारावे की कोणती खेळणी बाहेर ठेवायची आणि कोणती कपाटात. जी तिने स्वतः बाहेर ठेवली, ती द्यायला तिला जड जाणार नाही. नणंदबाईंना वाईट वाटू नये म्हणून त्यांच्या मुलालाच एखाद्या दुपारी त्या भातुकलीवर जेवायला बोलवावे, आणि तेही त्या दोघांनाच, मधे कोणीही मोठे माणूस न बसता.

आणि तिचे ते "पाच झाले"! या वाक्यावर हसू येते हे खरे, परंतु त्यात तिने पुरता विचार केला आहे. टेक्सास विद्यापीठातील जॅकलिन वूली आणि त्यांच्या सहकारी यांनी २०१७ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या मुलांवरील याच विषयाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्याचा वाढदिवस साजराच झाला नाही असे मूल, आणि ज्याचा दोनदा झाला असे मूल, अशा गोष्टी सांगून त्या मुलांचे वय विचारले, तेव्हा लहानांपैकी बऱ्याच जणांची समजूत अशी दिसली की समारंभामुळेच वय वाढते. इस्रायलमधील क्लाविर आणि लायझर यांनाही २००२ मध्ये असेच आढळले होते. मुलाच्या बाजूने पाहिले तर यात चूक काय? काल सगळे तिला दोन वर्षांची म्हणत होते, ओवाळल्यावर तीन वर्षांची म्हणू लागले. वर्ष सरताना तिला दिसत नाही, दिसते ते ताम्हण आणि केक. तीन ताटे, तीन वाढलेली वर्षे, असा तिने सरळ हिशोब मांडला. तो खोडून काढण्याची आवश्यकता नाही. "वाढदिवस एकच, आपण तो तीन घरच्या माणसांबरोबर केला" असे सांगावे, भिंतीवर तिच्या उंचीची खूण करून ठेवावी, आणि पुढे अधूनमधून ती खूण तिच्यासोबत पाहावी. वय दिवसांनी वाढते हे तिला तसेच कळत जाईल.

आपण विचारलेले नाही, तरी पत्रातील फवाऱ्याचा उल्लेख वाचून थांबणे मला शक्य नाही. फेस उडवणाऱ्या अशा बऱ्याच डब्यांत पेट घेणारा वायू भरलेला असतो. पेटत्या मेणबत्तीजवळ तो उडवल्यास क्षणात भडका उडतो, आणि त्या वेळी मुलाचा चेहरा सर्वांत जवळ असतो. केकच्या आसपास तो डबा येऊच देऊ नये. रस्त्यावर मिळणाऱ्या, वर तरंगणाऱ्या फुग्यांत पुष्कळदा हायड्रोजन असतो, त्यामुळे तेही ज्योतीपासून दूर ठेवावेत. फुटलेल्या रबरी फुग्याचे तुकडे लगेच गोळा करावेत, कारण ते घशात बसले तर श्वास बंद करतात. चार वर्षांखालील मुलांच्या ताटात अख्खी द्राक्षे, पॉपकॉर्न, शेंगदाणे असलेला चिवडा आणि कडक गोळ्या वाढू नयेत. मेणबत्तीवर फुंकर मारण्याबद्दल क्लेमसन विद्यापीठातील २०१७ चा अभ्यास असे सांगतो की केकच्या वरच्या थरावरील जिवाणू त्यामुळे सरासरी १,४०० टक्क्यांनी वाढतात. निरोगी मुलांत याने सहसा काही बिघडत नाही. तरी सर्दी-खोकला असेल तर मेणबत्ती एका वेगळ्या लहान तुकड्यावर लावावी. आजीला दिवा विझवणे पटत नसेल, तर मेणबत्तीच गाळली तरी मुलीचे काही अडणार नाही.

पुढच्या वर्षीचा निम्मा प्रश्न पंचांगच सोडवणार आहे. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौरवर्ष ३६५ दिवसांचे, त्यामुळे तिथी दर वर्षी तारखेच्या अकरा-एक दिवस आधी येते आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे सरकते. तीन वर्षांत एक अधिक मास धरला की हिशोब जवळपास जुळतो, म्हणूनच तिसऱ्या वाढदिवशी बहुतेक मुलांची तिथी आणि तारीख दोन-तीन दिवसांच्या अंतराने येतात, आणि घरोघरी असा लांबलेला समारंभ होतो. चौथ्या वर्षी मात्र दोहोंत साधारण पंधरा दिवसांचे अंतर पडेल. त्याचा लाभ घ्यावा. तिथीचा दिवस पूर्णपणे सासूबाईंचा असू द्यावा: तोच पाट, तीच रांगोळी, तेच निरांजन, आणि शेवटी लेकीने आजीला ओवाळणे. या कार्यक्रमात काहीही वाढवू नये. सासूबाईंना हे ऐकून समाधान वाटेल की चार दिवसांतला मुलीला सर्वांत मानवलेला कार्यक्रम त्यांचा होता. हे त्यांना आपण तोंडाने जरूर सांगावे, आपल्याकडे ते सांगायचे राहून जाते.

तारखेचा दिवस मुलांचा करावा. हॉल, माईक आणि सत्तर पाहुणे यांची तीन-चार वर्षांच्या मुलाला काडीचीही गरज नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. तो खर्च आणि तो शीण मोठ्यांच्या देण्या-घेण्यासाठी असतो, आणि नातेवाईकांना जेवायला घालायचे असेल तर ते मुलाला मध्ये उभे न करता, वेगळ्या दिवशी खुशाल करावे. रविवारी सकाळी दहा ते बारा, घरी किंवा सोसायटीच्या आवारात, तिला ज्यांची नावे ठाऊक आहेत अशी चार-पाच मुले, वाळू, पाणी, कणकेचे गोळे, चुरमुऱ्यांचा चिवडा शेंगदाणे न घालता, घरचा रव्याचा केक किंवा शिरा. साडेबारापर्यंत सगळे आपापल्या घरी, आणि लेक दुपारच्या झोपेला. केक कापताना ती मागे सरली तर कोणीही तिचा हात धरून सुरी फिरवू नये. ती आपली आपण टेबलापाशी येईपर्यंत थांबावे, आणि आलीच नाही तर केक तसाच कापून वाटावा. आपल्या आईवडिलांना त्या सकाळी डोंबिवलीला बोलवावे, आणि बदलापूरची फेरी पुढच्या एखाद्या सुट्टीत करावी, जेव्हा वाढदिवसाचे काहीही उरलेले नसेल आणि दुपारी आजोळी निवांत झोपता येईल.